किती सेकंदांनी बंद पडलं?

पावसाळी मासेमारीबंदीचे ६१ दिवस काकांची होडी माडाच्या झापांखाली असते. ऑगस्ट उजाडला की ती पाण्यात उतरते आणि तिचं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन दरवर्षीचं नाटक सुरू करतं. दोरी ओढली की पेटतं, निळा धूर सोडतं आणि बंद. मग काठावरच्या सगळ्यांचा एकच सल्ला : प्लग बदला! गेल्या वर्षी केरीच्या फेरी धक्क्याजवळ तासाभरात तीन प्लग बदलून झाले. अहो, इंजिन पेटलं म्हणजे ठिणगी पडतेय हे त्यानेच सांगितलं ना?

बंद पडायला किती वेळ लागला, हे मात्र कुणीच मोजलं नव्हतं. अशा इंजिनाला पान्याआधी घड्याळ लावावं, असं माझं मत आहे.

चोक आत ढकलताच दोन-चार सेकंदांत इंजिन मेलं, तर संशय कार्बोरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढलं जातं. पण इंजिन मंद चालू असताना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते, गळ्यातला ओढा पुरत नाही. त्या वेळी पेट्रोल येतं ते वेगळ्या, सुईच्या टोकाएवढ्या जेटमधून. दोन महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, मागे चिकट राळ उरते आणि ती नेमकी इथेच बसते. ०.४ मिलिमीटरचं भोक ०.३ झालं तर वाट पाव हिश्शाने कमी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर येतं. चोक ओढलेला असताना जादा पेट्रोल मिळून हा दोष झाकला जातो, एवढंच. जेट साफ करताना तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक कायमचं मोठं होतं.

दहा-पंधरा मिनिटं झकास चालून मग गुदमरलं, तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. टाकी उचलून नेताना तो बंद करतात आणि उघडायला विसरतात. पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही, टाकीतला दाब उतरतो. यातली गंमत अशी की भरलेली टाकी लवकर दगा देते. २५ लिटरच्या टाकीत २३ लिटर पेट्रोल असेल तर वर हवा फक्त २ लिटर; अर्धा लिटर पेट्रोल गेलं की त्या हवेचा दाब पाचव्या हिश्शाने पडतो. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, पण पुरी नाही. अर्धी टाकी असती तर तेवढ्याच पेट्रोलने जेमतेम ४ टक्के फरक पडला असता. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा चपटा होऊन बसला, तर हेच कारण समजा. आणि स्क्रू उघडा असूनही इंजिन तापल्यावरच बंद पडत असेल, तर मात्र प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलकडे वळावं.

आमचं इंजिन या दोन्हींत बसत नव्हतं. मी मोजलं : पन्नास सेकंद, मग पंचावन्न, पुन्हा पन्नास. कार्बोरेटरच्या वाटीत साधारण तेवढ्याच वेळाचं पेट्रोल मावतं. म्हणजे हाताने फुगा दाबून भरलेली वाटी इंजिन पिऊन टाकत होतं आणि पुढचं पेट्रोल पोचत नव्हतं.

"काका, आचके द्यायला लागलं की फुगा दाबा."

"अरे, बंद पडल्यावर दाबतात."

"आधी दाबून बघा तर खरं."

दाबला. इंजिन खोकलं, सावरलं आणि चालत राहिलं. दाबायचं थांबवलं की मरायला टेकायचं.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वरखाली होताना खालच्या पेटीत हवेचा दाब चढतो-उतरतो. त्या ठोक्यांवर पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला डायफ्रॅम, म्हणजे पातळ रबरी पडदा, हलतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. त्याला ना पट्टा, ना वीज. रबर ताठरलं किंवा चिरलं की पंप संपला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या इंजिनातल्या काही रबरांना ते मानवत नाही, शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं. श्रावणातल्या दमट हवेत अर्धी टाकी ठेवली तर आयतंच फावतं. तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवलं आणि खाली वेगळा थर दिसला, तर ते होडीत भरू नये. हे सगळं उघड्यावर करावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचून राहते.

काका फुगा दाबत दाबतच होडी किनाऱ्याला घेऊन आले. पंप उघडला तर डायफ्रॅम वाळल्या आमसुलासारखा कडक, कडेला बारीक चीर. नवा बसवला, इंजिन अर्धा तास चालवलं. काढलेले तिन्ही प्लग काकांनी पुसून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पेटीत ठेवले. म्हणाले, "पुढच्या वर्षी लागतील."