‘झालं समज’ आणि ‘कधीपर्यंत हवंय?’

कुठल्याही ऑफिसात किंवा वर्गात एक जण असा असतो, की त्याला काहीही सांगा, उत्तर ठरलेलं : “झालं समज!” दुसरा एक जण आधी विचारतो, “कधीपर्यंत हवंय?” पहिला चटकन आवडतो, दुसरा जरा खडूस वाटतो. पण काही महिन्यांनी खरोखर अडलेलं काम कुणाला द्यायचं असा प्रश्न आला, की नाव दुसऱ्याचं निघतं. पहिल्याला वाईट वाटतं. मी तर कधी कुणाला नाही म्हटलं नाही, असं तो म्हणतो, आणि ते खरंही असतं.

घोळ असा, की तत्परता आणि भरवसा या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. दोन्हींत मदत करायची तयारी असते. पण तत्परता दिसते काम मागितल्याच्या क्षणी आणि भरवसा कळतो मुदतीच्या दिवशी. मधल्या काळात दोघांना एकच माप लावलं जातं.

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन संशोधकांनी 1995 मध्ये विश्वासाचे तीन आधार मांडले होते : कुवत, समोरच्याबद्दलची आस्था आणि सचोटी. ‘झालं समज’वाल्याकडे आस्था भरपूर असते. म्हणून त्याला मिळणारा जिव्हाळा खोटा नसतो, लोकांना तो खरंच हवासा वाटतो. पण जिव्हाळा आहे म्हणून कुणी त्याच्यावर काम टाकून निर्धास्त झोपत नाही.

तो थापाड्या असतो असंही नाही. हो म्हणताना त्याला मनापासून वाटत असतं, की होईल. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं 33.9 दिवस. सगळं अगदी वाईटात वाईट झालं तर? 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी 55.5 दिवस. म्हणजे अडचणी धरून केलेला हिशेबही तोकडा पडला! ‘कधीपर्यंत हवंय?’ विचारणारा काही जास्त हुशार नसतो. गेल्या वेळी किती दिवस लागले होते, एवढं फक्त तो विसरत नाही.

मराठीत आपली आणखी एक पंचाईत आहे : ‘बघतो’. म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो, ऐकणारा मात्र अर्धा होकार समजून घरी जातो. ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’ हे त्याचेच भाऊबंद. यात काम कोण करणार आणि कोणत्या दिवशी, हे दोन्ही गुलदस्त्यात राहतं. मी स्वतः कॉलेजच्या एका गटप्रकल्पात ‘होऊन जाईल’ म्हणालो होतो. सादरीकरणाच्या आदल्या रात्री माझा भाग दुसऱ्याच मुलीने बसून लिहिला. ती भांडली नाही. पुढच्या प्रकल्पाच्या वेळी तिने गट बदलला, एवढंच.

उशीर दोघांनाही होतो, आणि फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो तेव्हाच. शुक्रवारचं काम जमणार नाही असं भरवशाचा माणूस मंगळवारी सांगतो : एवढं झालंय, एवढं राहिलंय, सोमवारी देतो. ‘झालं समज’वाला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोन उचलत नाही, कारण कुणाला निराश करणं त्याच्या जिवावर येतं. काम दोघांचंही सोमवारीच येतं. पण भरवशाच्या माणसाच्या बाबतीत बाकीच्यांना तीन-चार दिवस आधी कळलेलं असतं, त्यात त्यांनी आपली कामं पुढेमागे केलेली असतात.

उशिराची भरपाई म्हणून ‘झालं समज’वाला बऱ्याचदा मागितल्यापेक्षा जास्त करून देतो. आठ पानांच्या जागी वीस पानं, तीही रंगीत तक्त्यांसह. इथेही गणित त्याच्या बाजूने नाही. आयलेट नीझी आणि निकोलस एपली यांच्या 2014 मधल्या प्रयोगांत दिसलं, की शब्द मोडला तर लोक नाराज होतात, पाळला तर खूश होतात, पण शब्दाच्या वर जाऊन काही केलं तरी ती खुशी फारशी वाढत नाही. साधी आठ पानं ठरल्या दिवशी आली असती, तर तेवढ्यावर भागलं असतं.

भरवशाच्या माणसाचं मात्र एक दुखणं असतं. कामं त्याच्याच गळ्यात पडत राहतात, आणि वेळेवर झालेल्या कामाकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्याला वाचवतो तो त्याचा नकार. “या आठवड्यात नाही जमणार,” असं तो म्हणाला तर कुणी आग्रह धरत नाही आणि रागही मानत नाही. लोक निमूटपणे दुसरा माणूस शोधायला लागतात.