युनिक की सॉर्ट -यू? आंब्याच्या यादीतली दुबार नावं

एप्रिल लागला की आमच्या देवगडच्या घरात पेट्यांची यादी सुरू होते. फोन जो उचलेल तो फाइलीत एक ओळ टाकतो, त्यामुळे तीच नावं दोनदा-तीनदा येतात. ती काढायला लिनक्स या संगणकप्रणालीवर दोन आज्ञा हाताशी असतात, युनिक आणि सॉर्ट -यू. दोन्ही एकच काम करतात असं समजून वापरणारे पुष्कळ; त्यांत एकेकाळी मीही होतो. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय; टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांतच टाकायच्या: uniq आणि sort -u.)

समजा, यादीत एकेका ओळीवर गावं अशी आली: ठाणे, दादर, ठाणे, ठाणे, डोंबिवली, दादर. युनिकमधून काढली तर ५ ओळी उरतात: ठाणे, दादर, ठाणे, डोंबिवली, दादर. ठाणे अजून दोनदा आहेच, दादरही. यात बिघाड काही नाही. युनिक फक्त लगेच आधीच्या ओळीशी ताडून बघतं. गडग्यापलीकडचा एक शेजारी त्याला माहीत. बाकी वाडीत कोण राहतं याची खबर नाही. ठाणे-ठाणे शेजारी पडले तेवढंच एक उडालं.

सॉर्ट -यू आधी अख्खी फाइल वाचतं, ओळी क्रमाने लावतं आणि सारख्यांतली एक ठेवतं: ठाणे, डोंबिवली, दादर. संपले दुबार. पण कुणाची ऑर्डर आधी आली हेही त्याबरोबर संपलं, आणि पहिल्या तोडीच्या पेट्या कुणाला द्यायच्या यावरून घरात वाद व्हायचा तो होतोच.

युनिक असं तोकडं का? लिनक्स जिच्यावर बेतलंय त्या युनिक्स प्रणालीच्या, १९७३ सालच्या बेल लॅब्जमधल्या तिसऱ्या आवृत्तीत ते दिसतं, आणि पाइप, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीला देण्याची सोय, तीही त्याच आवृत्तीतली. सॉर्ट त्याआधीपासून होतंच. एका आज्ञेचं तोंड दुसरीच्या शेपटीला जोडता येत असेल, तर ओळी शेजारी आणण्याचं काम सॉर्टने करावं, गाळण्याचं युनिकने. म्हणून सॉर्ट करून पाइपने युनिकला दिलं तर निकाल सॉर्ट -यूसारखाच येतो.

मग युनिक हवंच कशाला? एक म्हणजे मोजायला. सॉर्टनंतर युनिक -सी दिलं की ठाणे ३, डोंबिवली १, दादर २ असा आकडा मिळतो. टेम्पो भरताना मला तोच लागतो, आणि सॉर्ट -यू तो देत नाही.

दुसरा उपयोग मला जास्त आवडतो, आणि तिथे सॉर्ट लावायचंच नसतं. जुलैत पाऊस धरला की आमचं नेट येतं-जातं. मी एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवलीय, ती दर मिनिटाला ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी एक ओळ लिहिते. त्या फाइलीवर नुसतं युनिक -सी चालवलं की दिसतं: ४७ आहे, १२ नाही, ५ आहे, ८८ नाही. कधी गेलं, किती मिनिटं गेलं, सगळा दिवस डोळ्यासमोर. तीच फाइल सॉर्ट -यूला द्या. ‘आहे’ आणि ‘नाही’, दोन ओळी. ते काय, मला आधीच माहीत होतं. शिवाय युनिकला लक्षात ठेवायची असते फक्त मागची ओळ, म्हणून फाइल कितीही वाढली तरी ते थकत नाही. सॉर्टला मात्र शेवटची ओळ वाचेपर्यंत पहिली बाहेर सोडता येत नाही.

खरा घोळ -यू या अक्षराचा आहे. सॉर्टमध्ये -यू म्हणजे ‘प्रत्येकाची एक ठेव’. युनिकमध्ये -यू म्हणजे ‘जी एकदाच आली तेवढीच दाखव’. वरची यादी सॉर्ट करून युनिक -यूला दिली तर उत्तर येतं फक्त डोंबिवली. ठाणे आणि दादर मुळासकट जातात. सवयीने हे अक्षर टाकणाऱ्याची दुबार आलेली सगळी गिऱ्हाइकं यादीतून नाहीशी होतात.

फाइली देण्याची रीतही वेगळी. सॉर्टला दोन फाइली दिल्या तर ते दोन्ही वाचतं. युनिक दुसऱ्या फाइलीत लिहितं! दादाची यादी आणि माझी यादी एकत्र गाळायला मी दोन्ही नावं युनिकपुढे टाकली, आणि माझ्या फाइलीत दादाची यादी येऊन बसली. माझ्या ३ दिवसांच्या नोंदी गेल्या. फोन परत लावून लावून जमवल्या.

सॉर्ट -यूलाही खोड आहे. ‘नाना ठाणे’ आणि ‘माई ठाणे’ अशा ओळी असतील आणि दुसऱ्या शब्दावर, म्हणजे -के२,२ लावून सॉर्ट -यू केलं, तर सारखेपणाही तेवढ्याच शब्दावरून ठरतो. दोघांतलं एकच उरतं. सॉर्टच्या पुढे वेगळं युनिक जोडलं असेल तर ते पूर्ण ओळ बघतं, दोघं राहतात. हा फरक कळेपर्यंत मी माई काकूंची बोलणी खाल्ली आहेत.

क्रम न मोडता दुबार काढायचे असतील तर या दोघांना सोडून ऑक (awk) या तिसऱ्या आज्ञेकडे जावं. भेटलेल्या ओळी लक्षात ठेव आणि पुन्हा दिसली की गाळ, असं त्याला सांगता येतं. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा विंडोजवरून आलेलं अदृश्य चिन्ह मात्र आधी पुसून घ्यावं लागतं. नाहीतर डोळ्यांना एक दिसणारी दोन ‘ठाणे’ यांतल्या कुठल्याही आज्ञेला दोनच वाटतात.