दचकलेला मेंदू आणि निसटणारी निवड

‘वय झालं की मेंदू मंदावतो, म्हणून लक्ष लागत नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते तपासून बघावंसंही वाटत नाही. धोक्याची चाहूल लागली की सत्तरीतला मेंदूही खडबडून जागा होतो. अडतं ते पुढे, काय बघायचं आणि काय सोडायचं या निवडीत.

तरुण मेंदूतली उत्तेजना पक्षपाती असते. ठळक ते आणखी ठळक होतं, फिकट ते आणखी फिकट. हे घडवतो मेंदूच्या खोडातला लोकस सेरुलियस, जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचा चेतापेशींचा पुंजका. त्याचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूत पोहोचतात आणि नॉरएड्रेनालिन नावाचं संदेशवाहक रसायन सोडतात. पण सगळीकडे एकच रसायन शिंपडलं, तर पक्षपात येतो कुठून?

2016 साली मांडलेलं उत्तर झकास आहे. जी चेतापेशी आधीच जोरात काम करते, तिच्या जोडणीतून ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन बाहेर सांडतं. ते शेजारच्या नॉरएड्रेनालिनच्या धाग्यावरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना (म्हणजे रसायन टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं आणि धागा जास्त नॉरएड्रेनालिन सोडतो. तिथली पातळी चढली की सहजासहजी न जागणारे बीटा ग्राही जागे होतात आणि त्या पेशीला आणखी चेतवतात. ग्लुटामेट कमी असेल तिथे पातळी बेताचीच राहते, आणि तेवढ्यावर चालणारे अल्फा-२ ग्राही उलट ब्रेक लावतात.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मारा मादर यांच्या गटाने 2018 मध्ये हे माणसांवर तपासलं. आधी एका सुराची सांगड सौम्य विजेच्या झटक्याशी घातली. मग सूर वाजवून लगेच दोन चित्रं दाखवली, एक नजरेत भरणारं, दुसरं न भरणारं. तरुणांत त्या सुरानंतर ठळक चित्राला मेंदूचा प्रतिसाद वाढला, फिकटाला घटला. वृद्धांत दोन्हींना वाढला. म्हणजे ध्वनिवर्धक शाबूत, गाळणी सैल. लोकस सेरुलियस आणि लक्ष वळवणारं कपाळ-पार्श्व जाळं (मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या-मागच्या भागांना जोडणारं) यांच्यातला ताळमेळही वृद्धांत कमी दिसला.

म्हणूनच ‘एकाग्रता वाढवणाऱ्या’ उत्तेजक गोळ्यांच्या जाहिराती हास्यास्पद वाटतात. सरसकट आवाज वाढवला, तर गोंगाटही वाढणारच.

मोजमापातही फसगत होते. उत्तेजनेने डोळ्यातली बाहुली मोठी होते खरी, पण वयानुसार ती मुळातच आकसते. त्यामुळे मिलिमीटरची थेट तुलना चालत नाही. प्रत्येकाच्या सुराआधीच्या मापापासूनचा बदल धरावा लागतो आणि चित्रांचा उजेड सारखा ठेवावा लागतो. लोकस सेरुलियस तर मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीला लागूनच आहे. नाडी आणि श्वास वेगळे नोंदवून वजा केले नाहीत, तर स्कॅनमध्ये त्यांचीच थरथर दिसते.