आर की आरडब्ल्यू? लॅपटॉप एक डिस्क वाचतो आणि दुसरीला ओळखच देत नाही तेव्हा

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, दादा लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह गेला वाटतं, आईच्या साठीशांतीची डिस्क टाकली की नुसता गरगर आवाज करतो आणि शेवटी विंडोज म्हणतं डिस्क घाला, अरे घातलीये ना! म्हटलं दुसरी कुठली चालते का? तर म्हणे हो, लग्नाची चालते, पिक्चरची पण चालते, ही एकच नाही. मग ड्राइव्ह गेला कसा रे बाबा. त्याला म्हटलं दोन्ही डिस्का उलट्या कर आणि खालची बाजू कुठल्या रंगाची आहे ते सांग. लग्नाची जांभळट, साठीची काळपट राखाडी. निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

जांभळट ती डीव्हीडी-आर आणि काळपट ती डीव्हीडी-आरडब्ल्यू. नावात एका अक्षराचा फरक, दुकानात एकाच फळीवर, आकार तोच, ४.७ जीबी पण तेच, म्हणून लोकांना वाटतं की आरडब्ल्यू म्हणजे आरच, फक्त पुसता येते एवढंच. पण आतून या दोन्ही इतक्या वेगळ्या आहेत की ड्राइव्हने एक वाचावी आणि दुसरी नाकारावी यात नवल काहीच नाही.

आधी आर बघू. हिच्यात रंगाचा (डायचा) एक पातळ थर असतो आणि त्याच्यामागे आरशासारखा चकचकीत धातू. लिहिताना लेझर त्या रंगाला ठिकठिकाणी भाजतो, भाजलेली जागा काळवंडते, न भाजलेल्या जागेतून उजेड मागच्या आरशावर जाऊन परत येतो. झालं, हेच शून्य आणि एक. गोंदणासारखं आहे, एकदा टोचलं की टोचलं. म्हणूनच त्याला बर्न करणं म्हणतात, ते काही उगाच नाव नाही.

आरडब्ल्यूमध्ये रंग नाहीच. तिथे मिश्रधातू असतो, बहुतेक वेळा चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा. आता हा धातू लिहितो कसा आणि पुसतो कसा हे मला स्वतःला कळलं ते साखरेच्या पाकावरून. पाक झटकन गार केला की काचेसारखा गोळा होतो, आणि हळूहळू सावकाश गार होऊ दिला की खडे धरतात, खडीसाखर होते. साखर तीच, रूप दोन. इथे पण तसंच, लेझरने जोरात तापवून (५०० ते ७०० अंश सेल्सिअस) तो ठिपका वितळवला आणि लगेच गार होऊ दिला की काचेसारखा मंद ठिपका तयार होतो, तो म्हणजे लिहिलेलं. आणि मध्यम, साधारण २०० अंशांपर्यंत तापवून ठेवला की परत खडे धरतात, परत चमकतो, तो म्हणजे पुसलेलं. असं सुमारे १००० वेळा करता येतं असं कंपन्या सांगतात. माझ्या हातून कुठलीच डिस्क ५०च्या पुढे गेली नाही, त्याआधीच कोणीतरी चहाचा कप ठेवतं तिच्यावर.

पण या सगळ्याची किंमत चमकेत मोजावी लागते, आणि खरा घोळ तिथेच आहे. छापलेली एका थराची डीव्हीडी पडलेल्या उजेडापैकी ४५ ते ८५ टक्के उजेड परत फेकते, आर पण साधारण त्याच घरात असते. आरडब्ल्यू फेकते १८ ते ३० टक्के. सीडीत तर तफावत आणखी मोठी, साधी सीडी ७० टक्क्यांच्या आसपास आणि सीडी-आरडब्ल्यू १५ ते २५. म्हणजे ड्राइव्हच्या डोळ्याला आर म्हणजे दिवसाउजेडी वाचलेलं पान आणि आरडब्ल्यू म्हणजे तेच पान झिरोच्या बल्बखाली. डोळा तरणा असेल तर वाचेल, म्हातारा असेल तर चाचपडेल. वर गंमत म्हणजे दोन थरांची छापील डीव्हीडी पण १८ ते ३० टक्केच उजेड परत देते, त्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यूला दोन थरांची समजून बसायचे आणि नसलेला दुसरा थर शोधत राहायचे.

आता लॅपटॉपचा ड्राइव्ह हा प्रकार डेस्कटॉपपेक्षा नाजूक. ट्रे बाहेर ओढून बघा, लेझरची भिंग ट्रेवरच उघडी बसलेली असते, गोल बटणासारखी, त्यामुळे दर वेळी ट्रे उघडला की धूळ थेट तिच्यावर. थोडी धूळ बसली की आर आणि पिक्चरच्या डिस्का तरी चालतात कारण त्यांच्याकडे चमक शिल्लक असते, पहिली बळी जाते ती आरडब्ल्यू. म्हणून लोक म्हणतात "बाकी सगळं चालतं, फक्त रीरायटेबल ओळखत नाही" आणि ड्रायव्हर (म्हणजे ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर) शोधत बसतात! ड्रायव्हरचा इथे फारसा संबंध नसतो हो, विंडोजचा ड्रायव्हर काही डिस्क कुठल्या जातीची आहे बघून रुसत नाही.

मग करायचं काय, तर मी भावाला सांगितलं ते तसंच सांगतो. पहिलं म्हणजे डिस्क नीट बसली का ते बघ. लॅपटॉपच्या ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवायची नसते, मधल्या खुंटीवर दोन बोटांनी दाबायची, टक् असा आवाज आला पाहिजे. डेस्कटॉपची सवय असलेली माणसं नुसती ठेवून ट्रे ढकलतात आणि मग खर्र खर्र. दुसरं, हवेचा रबरी पंप असतो ना कॅमेरावाल्यांकडे, त्याने भिंगेवर दोनचार फुंकर मार, तोंडाने नको, थुंकी उडते. तरी जमलं नाही तर कानात घालायच्या काडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, आणि अगदी हलक्या हाताने भिंग पूस, दाबायची नाही कारण ती बारीक तारांवर तरंगत असते. हे लॅपटॉप बंद करून, ट्रे बाहेर असताना. ट्रे उघडतच नसेल तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घालून ढकल.

तिसरी गोष्ट मात्र लोक बघतच नाहीत, डिस्क न दिसणं आणि डिस्क कोरी असणं यातला फरक. पुसलेली किंवा नवी आरडब्ल्यू टाकली की एक्सप्लोररमध्ये उघडायला आत काहीच नसतं, त्यामुळे कधी कधी तो सरळ डिस्क घाला म्हणतो आणि माणूस घाबरतो. इथे इमेजबर्न नावाचा फुकट प्रोग्राम फार कामाला येतो. डिस्क टाकून तो उघडा, उजवीकडे डिस्कची सगळी कुंडली येते, प्रोफाइलच्या ओळीत डीव्हीडी-आरडब्ल्यू असं लिहिलेलं आलं म्हणजे ड्राइव्हने तिला ओळखलं, घोटाळा पुढे कुठेतरी आहे. आणि खाली "मीडियम नॉट प्रेझेंट" आलं म्हणजे ड्राइव्हला खरंच काही दिसत नाहीये, मग भिंग, डिस्क किंवा लेझर यापैकी एक. एवढ्या एका ओळीने अर्धा दिवस वाचतो.

ओळखली पण फाइली दिसत नाहीत, असं झालं तर विचारा की लिहिली कुठे आणि कशी. व्हिस्टापासून विंडोज दोन पर्याय देतं, पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पेन ड्राइव्हसारखी म्हटलं की ती यूडीएफ (डिस्कवर फाइली मांडायची एक रीत) पद्धतीने फॉरमॅट होते, हवी ती फाइल टाका काढा, पण घरच्या टीव्हीखालच्या प्लेअरला ती अजिबात कळत नाही आणि फार जुन्या कॉम्प्युटरला पण अडचण येते. याउलट डीव्हीडी रेकॉर्डर किंवा हँडीकॅमवर शूट केलेली डिस्क फायनलाइज (म्हणजे लिहिणं संपवून शेवटी बंद) केली नसेल तर कॉम्प्युटरला ती रिकामी किंवा बिघडलेली दिसू शकते, तिला त्याच यंत्रात परत घालून फायनलाइज करायची. हे आर आणि आरडब्ल्यू दोघांना लागू आहे, पण आरडब्ल्यूवाल्याला वाटतं पुसता येतेच आहे तर फायनलाइज कशाला, म्हणून तिच्यात जास्त सापडतं.

आणि हो, लिहायचंच होत नसेल तर ट्रेच्या तोंडावरचा छापा वाचा. जुन्या लॅपटॉपांत कॉम्बो ड्राइव्ह यायचा, तो सीडी लिहितो पण डीव्हीडी फक्त वाचतो. त्याच्यात कोरी डीव्हीडी-आरडब्ल्यू घालून कितीही वेळा ट्राय केलंत तरी उपयोग शून्य. तसंच सीडी-आरडब्ल्यूत हाय स्पीड आणि अल्ट्रा स्पीड असे प्रकार आहेत, ४ एक्सच्या (एक्स म्हणजे लिहिण्याच्या वेगाची पट) काळातला ड्राइव्ह त्यांच्यावर लिहूच शकत नाही. प्लस आणि मायनसचं भांडण पण होतं एकेकाळी, डीव्हीडी+आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू या दोन वेगवेगळ्या गटांच्या डिस्का, पण नंतरचे बहुतेक ड्राइव्ह दोन्ही घेतात त्यामुळे त्यात फार डोकं घालू नका.

इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी एक उपाय चिकटवलेला दिसेल, रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतून) अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी उडवा. उपाय खरा आहे, पण दुसऱ्या रोगाचा. ड्राइव्ह माय कॉम्प्युटरमधून गायबच झाला असेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळं चिन्ह आणि कोड ३९ वगैरे असेल, तेव्हा तो करायचा (आणि आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्यायचा). पिक्चरची डिस्क चालतेय आणि फक्त आरडब्ल्यू चालत नाहीये तर रजिस्ट्रीला हात लावायची काही गरज नाही, उगाच बर्निंगचा प्रोग्राम मात्र बंद पडेल.

अजून एक चाचणी सांगतो, मला फार आवडते. ड्राइव्हमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असतात. म्हणून सीडी-आरडब्ल्यू चालते पण डीव्हीडी-आरडब्ल्यू नाही, आणि भिंग पुसून पण फरक नाही, तर डीव्हीडीचा लेझर थकलाय असं धरून चाला. दोन्ही प्रकारच्या आरडब्ल्यू अडतायत पण दोन्ही प्रकारच्या आर चालतायत, तर आधी धुळीवर संशय घ्या. थकलेल्या लेझरवर औषध नाही, लॅपटॉपखालचा बहुतेक एकच स्क्रू काढला की ड्राइव्ह सरकून बाहेर येतो, जुना मिळतो बाजारात, फक्त जाडी बघून घ्या, १२.७ मिलिमीटर की ९.५, नाहीतर परत चक्कर. किंवा सरळ यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह, तो पण हबला न लावता थेट लॅपटॉपला, वीज कमी पडली की तो पण आरडब्ल्यूवरच आधी रडतो.

भावाचं काय झालं, तर टक् आवाज होत होता, इमेजबर्न मीडियम नॉट प्रेझेंट म्हणत होतं, पंपाने फुंकर मारून काही नाही झालं, काडीने पुसल्यावर तिसऱ्या प्रयत्नाला डिस्क उघडली आणि मध्येच अडकली. मग त्याने डिस्क माझ्याकडे पाठवली, माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने ती एका दमात वाचली. सगळ्या फाइली हार्डडिस्कवर घेतल्या, एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि एक साध्या आरवर ८ एक्सला लिहून परत पाठवली, ती त्याच्या लॅपटॉपवर चालतेय. आरडब्ल्यू अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पुसलेली नाही. मावशी म्हणते ओरिजिनल आहे, राहू दे.