पार्सलवरच्या काळ्या रेघा नक्की काय सांगतात?

स्पीड पोस्टच्या पावतीवरचा नंबर एकदा नीट बघा, आधी दोन अक्षरं मग नऊ आकडे आणि शेवटी आयएन. पार्सलवरच्या काळ्या रेघा, म्हणजे बारकोड, हाच नंबर स्कॅनरला सांगतात. पहिलं अक्षर ई असेल तर स्पीड पोस्ट, आयएन म्हणजे भारत, आणि हीच 13 खुणांची पद्धत जगभरातल्या टपाल खात्यांनी मिळून ठरवलेली आहे म्हणून आपलं पार्सल परदेशात गेलं तरी त्याच नंबरवर सापडतं.

खरी गंमत नवव्या आकड्यात आहे, तो पहिल्या आठांवरून काढलेला असतो. समजा आठ आकडे 12345678 आहेत, त्यांना ओळीने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणायचं आणि सगळं मिळवायचं. बेरीज येते 204, 11 ने भागलं की बाकी 6, आणि 11 मधून 6 गेले 5, झाला नववा आकडा! आता टाइप करताना कुणी 67 चं 76 केलं तर बेरीज 200 होते आणि नववा आकडा 9 यायला हवा, इथे तर 5 आहे, म्हणजे कॉम्प्युटरला तिथल्या तिथे चूक कळते. मला हे हिशोबाचं काम फारच सुंदर वाटतं.

पण हे सगळं छपाईवर अवलंबून. स्टिकर छापणाऱ्या थर्मल प्रिंटरच्या हेडवर बारीक बारीक तापणारे ठिपके असतात, त्यातला एक जरी मेला तर कागदावर शेवटपर्यंत पांढरी रेघ उमटत जाते. बारकोडच्या रेघा कागद सरकतो त्याच दिशेने असतील तर एखादी बारीक रेघ पूर्णच गायब होऊ शकते, आडव्या असतील तर सगळ्यांना एक छोटी खाच पडते आणि स्कॅनर जरा बाजूने वाचून घेतो. शिवाय दोन्ही टोकांना सगळ्यात बारीक रेघेच्या दहापट तरी कोरी जागा लागते, नाहीतर कोड कुठे सुरू झाला तेच त्याला समजत नाही. म्हणून बारकोडवर चकचकीत सेलोटेप लावू नका आणि कडेला पेनाने काही लिहू नका प्लीज.

आणि हो, बारकोड असला तरी पार्सल कुठल्या गावाच्या पिशवीत जाणार ते पिनकोडच सांगतो, 411 म्हणजे पुणे, 403 म्हणजे गोवा. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेली ही पद्धत टपाल खात्यातले अधिकारी, आपले श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, त्यामुळे तो सहा आकडी नंबर सुटा सुटा आणि ठळक लिहा.