ठासणीची लष्करी बंदूक : अस्सल आणि नक्कल (कोकण किनारा)

कोकण किनाऱ्यावरील घराण्यांत, देवघराशेजारच्या भिंतीवर किंवा माळ्यावर आढळणाऱ्या तोंडाकडून भरायच्या जुन्या लष्करी बंदुका खऱ्या की पुढे बनवलेल्या, हे ठरविण्याची पद्धत. या नोंदीत मुख्यतः ब्रिटिश १८५३ नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचा आणि तिच्यापासून निघालेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा विचार केला आहे. तोड्याच्या (जळत्या वातीने बार पेटवणाऱ्या) व चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटवणाऱ्या) बंदुका अखेरीस थोडक्यात येतात.

किनाऱ्यावर ही शस्त्रे अनेक वाटांनी आली. मालवण १८१२ मध्ये आणि पेशव्यांच्या ताब्यातील दक्षिण कोकण १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. दापोलीला लष्करी छावणी पडली (‘कॅम्प दापोली’ हे नाव अजून तोंडी आहे) आणि सावंतवाडीत लोकल कोअर (स्थानिक पलटण) उभी राहिली. १८४४-४५ मध्ये मनोहरगड-मनसंतोषगड परिसरात गडकऱ्यांचे (किल्ल्यांवरील शिबंदीचे) बंड झाले, त्यातही दोन्ही बाजूंनी बंदुका चालल्या. त्यामुळे घरात बंदूक असणे नवलाचे नाही. मात्र ‘ही आंगऱ्यांच्या आरमारातली’ असे सांगितलेल्या बंदुकीवर केपाची कळ (आपटणाऱ्या घोड्याखाली फुटणारी छोटी टोपी, म्हणजे केप, बार पेटवते ती यंत्रणा) दिसली, तर ती कळ तरी त्या काळची नव्हे. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले आणि ब्रिटिश लष्कराने केपाची पद्धत सु. १८४० नंतर स्वीकारली. जुन्या चकमकीच्या बंदुकांना पुढे केपाची कळ बसवीत, म्हणून नळी वेगळी तपासावी.

१८५३ नमुन्याची लांबी सु. १४० सेंमी., नळी ३९ इंच (सु. ९९ सेंमी.), व्यास ०·५७७ इंच. नळी कुंद्याला (बंदुकीच्या लाकडी भागाला) तीन पट्ट्यांनी बांधलेली. आत तीन पेचदार खाचा असून त्या ७८ इंचांत एक फेरा घेतात, म्हणजे अख्ख्या नळीत अर्धाच. तोंडाशी विजेरी धरून खाच डोळ्यांनी मागे नेल्यास हा सावकाश पीळ जाणवतो. त्याआधी एक खबरदारी अनिवार्य आहे. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि मग तो बाहेरून नळीलगत धरावा. खूण तोंडाशी जुळवली असता टोक केपाच्या बोंडाच्या (केप ज्यावर बसवतात त्या उंचवट्याच्या) बरेच अलीकडे राहिले, तर आत बार शिल्लक असू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्या राहिलेल्या बंदुका सापडतात. अशा वेळी घोड्याला हात न लावता जाणत्याला बोलवावे.

कळीच्या पाटीवर मागे मुकुट व त्याखाली ‘व्ही. आर.’ (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे), पुढे ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रागार) किंवा ‘एन्फील्ड’ आणि साल असते. मुकुट व ‘टॉवर’ आहे पण ‘व्ही. आर.’ नाही, अशी बंदूक अनेकजण लगेच खोटी ठरवतात. ते घाईचे आहे, कारण बर्मिंगहॅमचे कारखानदार विक्रीसाठी अशाच पाट्या ठोकीत. उलट ‘व्ही. आर.’ खाली १९०१ नंतरचे साल असेल तर ती नक्कलच; राणी व्हिक्टोरिया त्याच वर्षी वारली. खैबरच्या टापूतील कारागिरांनी केलेल्या प्रतींत अशी साले, उलटे कोरलेले इंग्रजी ‘एन’ अक्षर आणि वेडावाकडा मुकुट नेहमी दिसतो. देवनागरी अक्षरे किंवा आकडे दिसले की बंदूक ‘मराठ्यांची’ मानली जाते. परंतु नेपाळच्या शस्त्रागारांतील बंदुकांवरही देवनागरी खुणा आहेत. लिपीवरून बंदूक कोणत्या राज्याची ते ठरत नाही.

बर्मिंगहॅमच्या कामात भाग हाताने बसवीत, म्हणून एकाच बंदुकीच्या सुट्या भागांच्या आतल्या अंगाला कानसेचे जुळते छेद असतात. एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात १८५० नंतरच्या दशकात अमेरिकी यंत्रे बसली आणि भाग परस्परांत बदलता येऊ लागले. तिथे हे छेद नसणेच स्वाभाविक. आधुनिक प्रतिकृती (१९७० नंतर बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने व पुढे इटलीत बनलेल्या) पुष्कळदा फार चांगल्या असतात, पण नळीखाली आधुनिक परीक्षा-शिक्के (नळीची चाचणी झाल्याच्या खुणा) सापडतात आणि ते पुसण्याच्या प्रयत्नात तिथला पृष्ठभाग खोलगट होतो.

गुळगुळीत नळीच्या ‘एन्फील्ड’बद्दल मतभेद आहे. बाहेरून सारे १८५३ सारखे, पण आत खाचा नाहीत आणि व्यास ०·६५६ इंच. अशी बंदूक बाजारात नक्कल म्हणून उतरते. वास्तविक १८५७ नंतर देशी पलटणींना रायफली न देण्याचे धोरण आले आणि १८५८ व १८५९ नमुन्यांच्या गुळगुळीत बंदुका त्यासाठीच निघाल्या. काही अभ्यासक त्या सरसकट खाचा तासून काढलेल्या रायफली मानतात. दुसरे मत असे की बऱ्याच बंदुका मुळातच गुळगुळीत घडवल्या. दोन्ही प्रकार झाले असावेत, पण एखाद्या बंदुकीचा निर्णय नळीच्या तोंडाशी भिंतीची जाडी मोजून करणे अधिक सयुक्तिक वाटते. तासलेल्या नळीची भिंत पातळ असते आणि मागच्या ठोकळेवजा नेमदर्शकाखाली आधीच्या मोठ्या दर्शकाच्या झाळणीची खूण राहिलेली असू शकते. जाड भिंतीची व अशी खूण नसलेली नळी मुळातली. तिसरी शक्यता घरगुती आहे. शेतीच्या राखणीत छर्रे उडविण्यासाठी गावच्या लोहाराने झिजलेल्या खाचा काढलेल्या असतात. तेव्हा आतला पृष्ठभाग खडबडीत व व्यास जागोजागी वेगळा लागतो. तिन्ही अस्सल आहेत, हे ध्यानात न ठेवल्याने चांगल्या बंदुका भंगारात गेल्या आहेत.

किनाऱ्याची हवा पारख अवघड करते. खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे नवी नक्कलही लवकर गंजते. आम्ल लावून आणलेला गंज नारिंगी, सर्वत्र सारखा व बोटाला लागणारा असतो. जुना गंज काळपट, घट्ट, आणि पट्ट्यांच्या कडेला व बोंडाभोवती खोल खड्डे पाडणारा. उलट खंडेनवमीला दरवर्षी शस्त्र घासून पूजेत मांडणाऱ्या घरांत अस्सल बंदूक नव्यासारखी झळकते. पितळी टोपण, चापाची कडी व कुंद्याची पाटी आमसुलाने किंवा चिंचेने घासलेली, शिक्के अर्धे पुसलेले. म्हणून हात पोहोचतो तो भाग सोडून कळीची आतली बाजू, नळीची खालची बाजू आणि कुंद्याची खोबण पाहावी. मूळ कुंदा अक्रोडाचा. सागवानी वा शिसवी कुंदा बदललेला असू शकतो, त्यावरून नळी खोटी ठरत नाही. खोबरेल तेल चोळणे थांबवावे. ते खवट होऊन लोखंडाला बाधते.

चकमकीच्या कंपनी-बंदुकांवर सु. १८०८ पर्यंत बदामाच्या आकारातील व्यापारी चिन्ह, नंतर मागच्या पायांवर उभा सिंह असतो. सिंह असून साल त्याआधीचे असल्यास संशय घ्यावा. तोड्याच्या बंदुकांत गोव्याकडची कमानीच्या जोराने तोडा खाली आपटणारी कळ आणि चापाने सावकाश तोडा टेकवणारी देशी कळ असे दोन प्रकार आहेत. पहिली पोर्तुगीजांनी १५१० नंतर गोव्यात रुजवली, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते.

हत्यार कायदा, १९५९ च्या ४५ व्या कलमातील सूट दुरुस्त करूनही न उडणाऱ्या जुन्या शस्त्रांना आहे. उडू शकणारी ठासणीची बंदूक कितीही जुनी असली तरी परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरल्यास १९७२ च्या कायद्यानुसार ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.