रॉकेटचा परवाना आणि लाडबोरीचं कडं

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. दिवेलागण होऊन गेली होती. जालन्यात आम्ही गच्चीवर बसलो होतो आणि उत्तरेच्या आभाळात एक जळती रेघ पश्चिमेकडून पूर्वेला सरकत गेली. उल्का डोळ्याचं पातं लवेतो विझते, कारण ती सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने येते. ही मात्र सावकाश, तुकडे होत चालली होती. शेजारच्या काकूंनी हात जोडले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. एका चिनी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचा तो भाग असावा, असं जाणकारांनी सांगितलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

खासगी रॉकेटांवरचे सरकारी नियम सैल करा, अशी मागणी ऐकली की मला ते कडं आठवतं. सैल करावेत, असंच माझं मत आहे. पण कोणते, हे पाहून.

सरकारला यातून पूर्ण अंग काढून घेता येत नाही, याचं कारण जुनं आहे. 1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या अवकाशातल्या कामालाही तिचा देश जबाबदार असतो. 1972 चा करार त्याहून कडक: जमिनीवर नुकसान झालं तर चूक कुणाची हे न बघता रॉकेट सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. 1978 मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडावर कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने 30 लाख कॅनेडियन डॉलर मोजले. भारत या दोन्ही करारांत आहे. म्हणजे कंपनी कुणाचीही असो, परदेशातलं बिल येणार दिल्लीला.

मग सैल काय करायचं? अमेरिकेने 2021 पासून लागू केलेली पद्धत मला पटते. अमुक यंत्रणा अमुक रीतीनेच बसवा, असं बारीकसारीक सांगण्यापेक्षा धोक्याची मर्यादा ठरवून द्यायची आणि ती कशी पाळणार हे कंपनीने सिद्ध करायचं. ती मर्यादा अशी: एका उड्डाणामागे सर्वसामान्य लोकांमधल्या जीवितहानीचा किंवा गंभीर दुखापतीचा एकूण अंदाज दहा हजारांत एकापेक्षा जास्त नको, म्हणजे अशी दहा हजार उड्डाणं झाली तरी सरासरीने एकापेक्षा जास्त माणसाला इजा होता कामा नये. हे गणित मोठं सुंदर आहे. उड्डाणाच्या प्रत्येक सेकंदाला विचारायचं, रॉकेट आत्ता फुटलं तर तुकडे कुठे पडतील? त्यात वारा, तुकड्यांचं वजन, खालची वस्ती सगळं धरायचं. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे, म्हणजे दक्षिणेला निघालेलं रॉकेट श्रीलंका टाळायला वाट वाकडी करतं, तेही यासाठीच. त्यात इंधन जातं. म्हणून तमिळनाडूत कुलसेकरपट्टिणमला नवं केंद्र होतंय. तिथून सरळ दक्षिणेला समुद्रच आहे.

आपल्याकडे 2020 मध्ये 'इन-स्पेस' ही परवानगी देणारी संस्था आली, 2023 मध्ये अवकाश धोरण. 2024 मध्ये परकी गुंतवणूकही मोकळी झाली: सरकारची आगाऊ मंजुरी न घेता रॉकेटमध्ये 49 टक्के, सुट्या भागांत थेट 100 टक्के. हा शेवटचा आकडा मराठवाड्याच्या कामाचा आहे. वाळूजला माझ्या मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांचे पार्ट करता करता त्याने एकदा व्हॉल्व्हच्या बॉडीचा जॉब घेतला. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, काही मायक्रॉनचा, आणि सळईच्या प्रत्येक तुकड्यामागे हीट नंबर लिहून ठेवायचा. त्याची त्याने कधीच तक्रार केली नाही. उद्या पार्ट तडकला तर कोणत्या ओतकामातली सळई होती, हे त्या नंबरावरूनच कळणार. तो वैतागला ते एकच माहिती तीन टेबलांवर तीन नमुन्यांत भरून द्यावी लागली म्हणून. सैल करायचं ते हे. हीट नंबर राहू द्या.

एक मोठी उणीव मात्र आहे. आपल्याकडे धोरण आहे, पण अवकाशाचा स्वतंत्र कायदा नाही. 2017 च्या मसुद्याचं पुढे काही झालं नाही. परदेशात नुकसान झालं आणि दिल्लीने ते भरलं, तर त्यातलं किती कंपनीकडून वसूल करायचं, विमा किती रकमेचा हवा, हे कायद्याच्या पुस्तकात पक्कं लिहिलेलं हवं. वाळूजचा तरुण उद्या सुट्या भागांवरून अख्खं इंजिन करायला निघाला, तर बँकेतला माणूस त्याला पहिला प्रश्न हाच विचारेल.